काय शिजत होतं?

आमच्या घरी ते पहिल्यांदा आले तेव्हा त्यांनी चपला काढल्या, टोपी डोक्यावर घट्ट बसवली, दारातच उकिडवे बसले आणि तसेच बसल्या बसल्या पुढे सरकत स्वयंपाकघरात शिरले. साठी ओलांडलेला माणूस, अंगात पांढरा सदरा, काखेत मिटलेली छत्री, आणि घरभर बदकासारखा चालतोय. आमचे हे खुर्ची पुढे करून उभे होते, ते खुर्ची धरूनच उभे राहिले. अक्का म्हणजे ह्यांच्या थोरल्या आत्या, आमच्याकडेच असत. त्यांनी पदर तोंडाला लावला आणि भिंतीकडे वळल्या. मला मात्र हसू आलं नाही. मला वाटलं, आता यांना काहीतरी सापडणार.

सापडलंच. टेबलाच्या खालच्या अंगाला एक खिळा बाहेर आलेला होता. आम्ही त्या टेबलावर वर्षानुवर्षं जेवलो होतो, पण तो खिळा कुणी पाहिला नव्हता.

"ताई, तुम्ही घर उभ्यानं बघता," ते खालूनच म्हणाले. "पोर असं बघतं. हा खिळा तिच्या बरोब्बर डोळ्यासमोर येतो."

मग गुडघ्यावर हात देऊन सावकाश उठले, टोपीवरची जळमटं झटकली आणि बाहेर दारापुढच्या ओट्यावर जाऊन बसले. आमच्या ह्यांनी लगेच खिळा ठोकला. ठोकताना अंगठ्यावर हातोडी बसली तरी हे काही बोलले नाहीत, कारण आम्हा दोघांनाही कळत नव्हतं की मोठ्या माणसाला लागलं तर ते कळवावं लागतं की नाही.

हे सत्त्याऐंशी-अठ्ठ्याऐंशीचं असेल. आम्ही अमळनेरला होतो. हे तेलाच्या कारखान्यात हिशेबाच्या टेबलावर. लग्नाला बरीच वर्षं झाली, मूल नाही. शेवटी धुळ्याच्या एका अनाथाश्रमात नाव घातलं आणि पाच वर्षांची संगीता आमच्या घरी आली. आली म्हणजे आमची झाली, असं नव्हतं. जळगावच्या कोर्टाची परवानगी मिळेपर्यंत ती आमच्याकडे नुसती सांभाळायला होती. या काळात तिला जे काही लागेल, खुपेल, भाजेल, ते संस्थेला कळवायचं. संस्थेतर्फे येऊन बघून जाणारे ते हे गृहस्थ. गल्ली त्यांना धुळ्याचे साहेब म्हणे. त्यांना ते आवडत नसे. "मी कुठला साहेब, मी एसटीनं येतो," असं ते प्रत्येकाला सांगत. तरी नाव चिकटलं ते चिकटलंच.

शेजारच्या बाईंची चार पोरं दिवसभर पडत, आपटत, एकमेकांना चावत. ती माउली त्यांची नावंसुद्धा एकमेकांना लावायची. तिला कधी कोणी विचारलं नाही. आणि मी? संगीच्या कोपराला दाराची कड लागली की मी उंबऱ्यातच आत-बाहेर करायची. आधी पोरीला बघू की आधी फोनला पळू, हेच सुचायचं नाही.

फोन म्हणजे गल्लीच्या तोंडाशी शेठजींचं किराणा दुकान. धुळ्याला ट्रंक कॉल लावायचा, तुरडाळीच्या पोत्यावर बसून वाट बघायची, लाइन लागली की किंचाळायचं. त्या लाइनवर हळू बोललेलं जाणारच नाही. त्यामुळे संगीच्या गुडघ्याची बातमी धुळ्याच्या आधी अख्ख्या बाजाराला कळे. "डावा गुडघा. डावा. नाही, खरचटलंय. टाके नाहीत." शेंगदाणे घ्यायला आलेली माणसं हातातली पिशवी तशीच धरून ऐकत राहत. शेठजी राजस्थानी, मोठा सज्जन माणूस. मी आले की गिऱ्हाइकाला म्हणत, "जरा ठहरो भाऊ, बाईंच्या मुलीला लागलं आहे." एकदा एका आजोबांनी मला विचारलं, "माय, खरचटल्याचाही ट्रंक कॉल करतस का?" मी काय उत्तर देणार?

पण फोनपेक्षा भीती होती ती त्यांच्या प्रश्नाची. कशी पडली, कुठं पडली, कोण जवळ होतं, हे सगळं मी वाटेत जुळवून ठेवलेलं असे. ते यातलं काही विचारतच नसत. ते विचारत, "तेव्हा घरात काय शिजत होतं?"

पहिल्यांदा विचारलं तेव्हा मला वाटलं, लाइन खराब आहे.

"काय शिजत होतं, ताई? चुलीवर काय होतं?"

"वांगी भाजत होते. भरताला."

"बरं," ते म्हणाले आणि फोन ठेवला.

पुढच्या भेटीत मी धीर करून विचारलं, याचा आणि कोपराचा संबंध काय? ते ओट्यावर बसले होते. संगी त्यांच्यापासून चांगली लांब, खांबाला धरून उभी होती.

"मूल कसं पडलं, हे माणसं पाठ करून ठेवतात," ते म्हणाले. "भाजी कोणी पाठ करत नाही. जो खरंच तिथं होता त्याला वास आठवतो. जो नव्हता, किंवा ज्यानं स्वतःच काही केलं, तो अडखळतो."

त्या दिवसापासून माझी भाजी पाठ व्हायला लागली. तुम्ही हसाल, पण अजूनही माझ्या डोक्यात त्या वर्षाचा हिशेब असाच आहे. कोपर म्हटलं की भरीत. हनुवटी, शेवभाजी. उजव्या हाताला चटका, कळण्याची भाकरी, तो चटका तव्याचाच. एकदा संगी ओसरीवर घसरली तेव्हा चूल बंद होती. मी इतकी घाबरले की घाईघाईनं वरण चढवलं आणि मग फोनला गेले. नंतर लक्षात आलं, हेच तर खोटं झालं. मग फोनवर खरं ते सांगितलं, चूल बंद होती, नंतर वरण लावलं. ते म्हणाले, "ताई, वरण खाऊन घ्या, थंड होईल." रागावले की हसले, तेही मला कळलं नाही आणि मी दोन्हींची काळजी करत बसले.

त्यांची एक गोष्ट संस्थेत ऐकलेली होती आणि ती माझ्या मानेवर बसलेली होती. दोंडाईच्याच्या एका घरातून त्यांनी मुलगा परत नेला होता. चांगलं घर, नवराबायको सुशिक्षित. पोराच्या कानामागे वळ होता. मी एकदा त्यांना विचारलंच. एरवी ते हळू बोलत, त्या दिवशी आणखी हळू बोलले.

"नवरा म्हणाला, त्या वेळी मुगाची खिचडी होती. बायको म्हणाली, पिठलं. दोघं एकमेकांकडे बघायला लागले. मी पोराला घेऊन आलो."

"मारलं होतं का त्यांनी?"

"मला माहीत नाही. खिचडी आणि पिठलं, विसरूही शकतं माणूस. पण एसटी सुटली तेव्हा त्या पोरानं मागं वळून बघितलं नाही. एवढ्यावर मी झोप लावून घेतो, ताई. लागते कधी, कधी नाही लागत."

ते गेल्यावर मी ह्यांना बजावलं, आजपासून रोज जेवायच्या आधी भाजीचं नाव मोठ्यानं म्हणायचं. दोघांनी. हे बिचारे म्हणायला लागले. "पालक," असं म्हणून पहिला घास. कारखान्यातला एक जण एकदा जेवायला आला होता, त्याला वाटलं आमच्याकडे काही नवीन पंथ सुरू झालाय.

संगीबद्दल सांगायचं तर ती शहाणी होती. नको इतकी. पहिल्या आठवड्यातच मला आई म्हणायला लागली, पण शाळेत हजेरी देतात तसं. दिलेलं खायची, ताट धुऊन ठेवायची, आणि पडली तरी रडायची नाही. उठून फ्रॉक झटकायची आणि आधी इकडेतिकडे बघायची, कुणी पाहिलं का. मला वाटायचं, समजूतदार आहे. लोकही म्हणायचे, नशीबवान आहेस, पोर अजिबात त्रास देत नाही.

थंडीचे दिवस होते, बोरं पिकली होती. गल्लीतल्या पोरी कारखान्याच्या मागच्या बोरीखाली जायच्या, संगीही जायची. नंतर काही दिवस ती पायमोजे काढेना. आंघोळीचं पाणी मला घालू देईना, म्हणे माझी मी करते. मी म्हटलं, मोठी होतेय. मग एका सकाळी ती उठली तीच तापानं फणफणलेली. मोजा ओढून काढला तर टाच टम्म सुजलेली, हिरवी-पिवळी झालेली. आत बोरीचा काटा मोडला होता.

डॉक्टरांनी काटा काढला, पू काढला. पोर माझा दंड धरून बसली होती, नखं रुतली माझ्या दंडात, पण तोंडातून आवाज नाही. डॉक्टर म्हणाले, "काटा जुना आहे बाई. इतके दिवस काय करत होतात?"

मी दवाखान्यातून सरळ शेठजींच्या दुकानात गेले. लपवायचं डोक्यात आलं नाही असं नाही, पण हात आपोआप फोनकडे गेला. ते पुढच्या गाडीनं आले. ओट्यावर बसले, छत्री भिंतीला टेकवली.

"केव्हा लागला काटा?"

"माहीत नाही."

"काय शिजत होतं?"

वर्षभर मी या एका प्रश्नासाठी जगत होते. "मला माहीत नाही हो," मी म्हटलं आणि मला रडू फुटलं. त्यांनी समजूत घातली नाही, रागावलेही नाहीत. मला खिचडी आणि पिठलं आठवत होतं. मी मनातल्या मनात संगीचे फ्रॉक पिशवीत भरायला घेतले होते.

ते उकिडवे बसले आणि तसेच सरकत आत गेले. संगी धान्याच्या कोठीमागे दडली होती, पट्टी बांधलेला पाय पोटाशी धरून. ते तिच्यासमोर थांबले. मी दारात उभी होते.

"काटा लागला तेव्हा घरात काय शिजत होतं गं?"

पोरीनं पाय आणखी पोटाशी ओढला. मग म्हणाली, "मेथी. आई मेथी निवडत होती. मला म्हणाली, हात धू. मी धुतले."

"पाय नाही दाखवलास?"

तिनं नाही म्हणून मान हलवली.

"का?"

"लागलं की साहेब घेऊन जातो."

"कोण साहेब?"

संगीनं त्यांच्या टोपीकडे बोट केलं.

ते पटकन उठायला गेले, तोल गेला, कोठीला धरून उभे राहिले. माझ्या मागे अक्का होत्या. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. सगळ्या घरांत पोरांना कोणाची तरी भीती घालतात, कुणी पोलिसाची, कुणी बुवाची. आमच्या अक्कांनी हातातला माणूस वापरला होता. पोरीला जपायचं म्हणून रोज वेणी घालताना त्या तिला आपल्या अहिराणीत सांगत, "पडू नको हं माय. पडनी ते धुयाना साहेब ई आनि तुले ली जाई." मी ऐकलंही असेल कितीदा. त्यात ऐकण्यासारखं काही वाटलं नव्हतं.

"मन्हं चुकनं, साहेब," अक्का म्हणाल्या. "जीव शे मन्हा तिन्हावर. बठ्ठा पोरेसले असंच सांगतस, म्हनीसन मी बी सांगं."

ते ओट्यावर जाऊन बसले. टोपी काढून हातात धरली. त्यांचं टक्कल मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

"मी आधी देवी टोचायच्या खात्यात होतो," ते म्हणाले, मला की अक्कांना, कुणास ठाऊक. "सायकलवरून गावात शिरलो की पोरं कडब्याच्या गंजीत लपायची. आयाच सांगायच्या, तो बघ आला सुईवाला. तेव्हा मला काही वाटायचं नाही. ओढून काढायचं, टोचायचं, काम झालं. इथं तसं नाही ना. इथं पोरानंच लपवलं तर मी कशाच्या जोरावर कोणाचं घर तपासू?"

"तुम्ही आता काय कळवणार संस्थेला?" मी विचारलं.

"झालं ते."

"म्हणजे नेणार तिला?"

"मला जरा विचार करू द्या, ताई," असं म्हणून ते उठले. गाडीला अजून बराच वेळ होता, तरी गेले.

त्यानंतरचे दिवस मी कसे काढले ते मलाच माहीत. एसटीचा भोंगा वाजला की दारात येत होते. अक्कांनी जेवण टाकलं होतं. हे रात्री-अपरात्री उठून पोरीच्या अंगावरचं पांघरूण सारखं करत.

मग एका दुपारी शेठजी स्वतः चालत आले. "धुळ्याचा फोन आहे," म्हणाले. मी पदर खोचून निघाले तर म्हणाले, "तुमच्यासाठी नाही. संगीताबाईंना बोलावलं आहे."

संगी लंगडत माझा हात धरून आली. तिला पोत्यावर उभं केलं. त्यांचा आवाज रिसीव्हरमधून दुकानभर ऐकू येत होता.

"संगीता, मी बोलतोय. मला लागलं आहे. पायाच्या अंगठ्याला ठेच. रक्त आलं. मला कुणाला तरी कळवायचं होतं, म्हणून तुला कळवतोय."

संगीनं रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला. मी खूण केली, बोल काहीतरी. तिनं माझ्याकडे बघितलं, मग फोनमध्ये गंभीरपणे विचारलं, "तेव्हा काय शिजत होतं?"

पलीकडून खरखरीतून आवाज आला.

"काही नाही. माझा डबा येतो खानावळीचा."

घरी येताना ती म्हणाली, "त्यांच्या घरी काही शिजतच नाही." एवढंच. पण रात्री जेवताना पुन्हा तेच म्हणाली.

मग हे सुरूच झालं. ट्रंकेत बोट चेमटलं, दाढी करताना कापलं, विळीनं, कडीनं, काडेपेटीनं, त्या माणसाला त्या हिवाळ्यात जितकं लागलं तितकं आमच्या गल्लीतल्या सगळ्या पोरांना मिळून लागलं नसेल. प्रत्येक वेळी शेठजी चालत यायचे. काही जखमा खोट्याच असणार. एकदा उजवा गुडघा कळवला आणि आले तेव्हा पट्टी डाव्या गुडघ्यावर. संगी खांबामागून म्हणाली, "उजवा म्हणाला होतात."

"फोनवर नीट ऐकू येत नाही," ते म्हणाले.

"मला येतं," ती म्हणाली आणि खांब सोडून पट्टी बघायला पुढे आली.

आणि एक दिवस मी कणीक मळत होते तर बाहेरून आरोळी आली. संगी गल्लीच्या टोकापासून भोकाड पसरत धावत येत होती. गुडघ्यातून रक्त, नाकातून पाणी, दोन्ही हात पुढे. "आई, मला लागलं, दगडावर पडले, खूप लागलं." बाया दारात आल्या. मी कणकेच्याच हातांनी तिला उचललं. पोर रडतंय आणि मला गहिवरून काही सुचत नाही, अशी गत झाली. अक्का देवाजवळ साखर ठेवून आल्या.

कोर्टाची तारीख जळगावला पडली. मी तिथंही घाबरलेलीच. संस्थेच्या कागदांत आमच्या पोरीच्या जखमांची भलीमोठी यादी होती, सगळी मीच आरडून कळवलेली. न्यायाधीशांनी ती चाळली, चष्म्यावरून आमच्याकडे बघितलं आणि विचारलं, "एवढ्या वेळा इजा कशी काय?"

ते उठले. छत्री खुर्चीला अडकवली, टोपी सारखी केली.

"पोरं पडतातच, साहेब. हे दोघं सांगत गेले म्हणून आपल्याला कळलं. ज्या घरातून वर्षभर काहीच कळत नाही, तिथं मी आधी जातो." मग थोडं थांबून म्हणाले, "यातल्या एका जखमेला कारण मी होतो. तीही लिहिलेली आहे."

परवानगी मिळाली. कोर्टाच्या आवारात त्यांनी संगीच्या डोक्यावर हात ठेवला, अक्कांना वाकून नमस्कार केला आणि धुळ्याची गाडी धरायला निघून गेले. संगी गाडी दिसेनाशी होईपर्यंत हात हलवत होती.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्याकडे कडुलिंबाच्या झाडांना झोके बांधतात. पोरी दिवसभर झोक्यावर. संगी उभ्यानं झोका घेत होती, दोर निसटला, मनगट मोडलं. हाताला प्लास्टर घालून तिला घरी निजवलं आणि मी पायात चपला सरकवून शेठजींच्या दुकानात गेले. ट्रंक कॉल लावला, पोत्यावर बसले. लाइन लागली.

"मनगट मोडलंय. डावं. प्लास्टर घातलं. पुरणाच्या पोळ्या लाटत होते," मी एका दमात ओरडले.

"ताई," ते म्हणाले, "आता मला कळवायचं नसतं."

"मग कुणाला?"

"कुणालाच नाही. तुमची मुलगी आहे. जा घरी."

मी फोन ठेवला. मला हलकं वाटायला हवं होतं, पण तसं वाटलं नाही. इतके दिवस पोरीला काही झालं की मी ते धुळ्याला कळवून टाकत होते आणि मग निदान अर्धी काळजी तिकडे जात होती. आता मनगट नीट जुळेल का, वाकडं राहील का, सगळं माझ्याकडेच होतं. शेठजींनी पाणी दिलं ते मी उभ्यानं प्यायले.

घरी आले. संगी उशीला टेकून बसली होती, अक्का वारा घालत होत्या. आजवर पोर पडलं की माझा आवाज एकदम मऊ व्हायचा. दुसऱ्याच्या पोराशी आपण जपून बोलतो तसा. त्या दिवशी मी दारातूनच सुरू झाले. "कोणी सांगितलं होतं उभ्यानं झोका घ्यायला? हजार वेळा सांगितलंय, बसून घे. डोकं फुटलं असतं तर? कान आहेत का नाहीत तुला?" माझा आवाज मलाच ओळखू येईना. अक्कांचा पंखा थांबला.

संगी माझ्याकडे बघतच राहिली. मग तिचा चेहरा लालेलाल झाला.

"तूच म्हणालीस जा म्हणून," ती त्याहून मोठ्यानं ओरडली. "तू नको म्हणाली असतीस तर मी गेलेच नसते."

"म्हणजे माझी चूक?"

"हो, तुझीच."

संध्याकाळी आमचे हे कामावरून आले तेव्हा आम्ही दोघी भांडतच होतो.